लहान तोंडी

आठ तास पिसं उपटणाऱ्या यंत्राशेजारी उभा राहतो,
घरी येतो, हात तीनदा धुतो,
आणि मग काय करतो, तर
एक पीस उचलतो.

कारखान्यातलं नव्हे. ती उकळत्या पाण्यातून आलेली,
ओली, पांढरी, एकमेकांना चिकटलेली,
त्यांच्यात काही उरलेलं नसतं.
हे आहे ओपलबाईंच्या भांडखोर कोंबड्याचं, मानेवरचं,
तांबूस, कडेला जळल्यासारखं काळं.
उजेडात धरलं तर अजून चिडलेलं दिसतं.

जेवणाच्या टेबलाला चिमटा आवळलेला,
एका बाजूला वीजबिल, दुसऱ्या बाजूला केचप.
चिमट्यात गळ, दहा नंबरचा.
नंबर वाढत जातो तसा गळ लहान होत जातो,
माझ्या नोकरीच्या वर्षांसारखंच हे.
काळा दोरा, सात वेढे.
जुन्या सपातेचा फोम कापून केलेलं पोट,
रबराचे चार पाय, आणि मागे ते पीस.
माशासाठी माशी.
खऱ्या माशीसारखी ती मुळीच दिसत नाही,
पण ब्लूगिल कुठे चष्मा लावून येतो!

त्याचं तोंड वाटाण्याएवढं.
लहान तोंडी मोठा घास देऊ नये,
एवढा एकच नियम मला वडिलांनी शिकवला,
तोही माशांपुरता.

लानवी चार नंबरच्या लाइनवर माझ्या समोर असतो.
मार्शल बेटांवरून आर्कान्सॉत आलेला, घरात माणसं नऊ.
माझी डबी उघडून तो हसला.
त्याचे आजोबा शिंपल्याच्या तुकड्यामागे पीस बांधायचे,
आणि त्याला लागलेला मासा होडी ओढत न्यायचा.
"आणि ह्याला काय लागतं?"
मी तळहात दाखवला.
तो माझ्या तळहाताकडे बघत राहिला,
जणू मी त्यात खरंच काही धरलं होतं.

मे महिन्यातला रविवार. हँकिन्सचं तळं.
काठाजवळ उथळ पाण्यात ताटाएवढे गोल खड्डे,
प्रत्येकावर एकेक नर, कल्ल्यामागे शाईचा डाग,
अंड्यांभोवती फेऱ्या घालणारा.
मी पिवळी टाकली. नाही.
पांढरी टाकली. काळी, संध्याकाळची, हुकमी.
पाणी हलायचं, दोरी थरथरायची, आणि पुन्हा सगळं गप्प.
कुठे माशी शिंकली कळेना.
दोन रात्री जागून बांधलेल्या बारा माश्या
बाराच्या बारा ओल्या.

लानवी उकिडवा बसून केवळ पाणी बघत होता.
म्हणाला, "शेपटी चावतोय. तोंडात घेत नाहीये."
माझ्या हातून माशी घेतली,
आणि ते पीस, ओपलबाईंच्या कोंबड्याचं ते राजेशाही पीस,
दातांनी अर्धं तोडून थुंकून टाकलं.

मला राग आला, खोटं कशाला बोलू.

पहिल्याच फेकीला लागला.
ताटलीसारखा आडवा होऊन, गरगर फिरत,
आपल्या वजनाच्या दसपट भांडत आला.
छातीला नारिंगी रंग, पाठीवरचा काटा ताठ.
"भूक नव्हती त्याला," लानवी म्हणाला,
"घर राखत होता."
ओल्या हातात धरून विचारलं, "कुठला खड्डा ह्याचा?"
मला काय माहीत.
सगळे खड्डे सारखेच.
तो गुडघाभर पाण्यात शिरला, बूट न काढता,
एकेका खड्ड्याकडे बघत उभा राहिला,
आणि ज्यावर कुणीच नव्हतं
तिथे हात उघडला.

परत येताना गाडीत आम्ही फारसं बोललो नाही.
त्याचे बूट पचपचत होते.

आज सोमवार.
अंगठ्याच्या नखावर पेनाने एक रेघ आखली आहे,
तोडलेल्या पिसाची लांबी.
वर दोन हातमोजे, एक रबरी, एक जाळीचा.
पट्ट्यावरून पांढऱ्या कोंबड्या येत राहतात.
समोर लानवी.
मध्येच तो भुवया उंचावतो,
मी अंगठा वर करतो.
सुपरवायझरला वाटतं,
काम उत्तम चाललंय.