काचेच्या बरणीत

जानेवारीत इथे, चाकोच्या सपाट रानात,
वीज चुकूनमाकून येत नाही. वेळ पाळते.
एलादिओमामा म्हणायचे, तिच्यासाठी आपणच
चाळीस फुटांवर पाट मांडून ठेवलाय:
पाण्याच्या टाकीपासून अल्गारोबोच्या शेंड्यापर्यंत
ताणलेली ती तार.

पाहुणीला परतीची वाटही हवी,
म्हणून खिडकीखाली आठ फुटी तांब्याचा गज.
मी धरला, त्यांनी घण घातला.
सुकी माती विजेला दारात उभं करत नाही,
म्हणून दर रविवारी त्यावर बादलीभर पाणी.
शेजारीण ओफेलिया कुंपणावरून विचारायची,
काय पेरलंय एवढं?
मामा म्हणायचे, उगवत नाहीये तेच बरं.

या गजाला मीटरचा गज जोडला,
त्याला टाकीचा, जाड तांब्याच्या पट्टीने.
सगळे एकत्र बांधायचे, पोरी.
जमिनीत वेगळ्या चुली मांडल्या
की वीज घरातून जाते, भांडण लावत.

आणि हेही सगळं फक्त विनवणी.
खरा उपाय म्हणजे ढग दिसला की केबल काढणे,
तिचं टोक पीचच्या रिकाम्या बरणीत सोडणे
आणि तिथून उठणे.

त्या संध्याकाळी सातला नेमेसिओ आला,
पार दक्षिणेच्या दीपगृहावरून,
चार वर्षांनी, खरखरीच्या मागून धाकट्या भावाचा आवाज:
"ऐकतोयस ना? आईच्या घराचं मी—"

खिडकीत आभाळ पांढरं झालं.
मी मोजले. नऊ.
पुन्हा. पाच.
मामांचा हात केबलवर होता, थरथरत नव्हता.
"थांब. वीज आलीय. उद्या, याच वेळी."
त्यांनी आटे फिरवले. सावकाश, शेवटच्या आट्यापर्यंत.

अंधारात आम्ही दाराशी बसलो.
बरणीत निळी ठिणगी: टिक्. टिक् टिक्.
मामा कान देऊन ऐकत होते,
जणू राहिलेलं वाक्य तिथेच कुठेतरी पुरं होणार होतं.
मग एकदम आवाज, आणि पांढऱ्याशिवाय काहीच नाही.

सकाळी अल्गारोबो मधोमध उकललेला,
तारेचे मणी झालेले,
गजाभोवतीची माती भाजून कडक.
बरणी तडकलेली.
रेडिओ सुरू केला तर दिवा लागला.

दुपारभर मामा शिडीवर होते,
नवी तार उरलेल्या अर्ध्या झाडाला बांधत.
साडेसहा वाजले. दक्षिणेला पुन्हा ढग.
मी म्हटलं, दुकानातून बरणी आणते.
"कपाटात एक आहे," ते वरूनच म्हणाले,
"भरलेली. घाईने पीच खा."