पावणेसात

आरसा एक मायक्रॉन मागे घेतला
की उजेडाला उशीर होतो पावणेसात.
वाजले नव्हेत. फेम्टोसेकंद.
खरं तर पावणेसातला किंचित कमीच,
पण तोंडी हिशेबाला चालतं.

आरशाखालची बैठक उद्यमनगरातली,
दस्तगीर शिकलगारांच्या लेथवरची.
आज्यानं कोयत्यांना धार लावली,
बापानं ऑइल इंजिनांचे बोअर केले,
यांच्याकडे मी आले कागद घेऊन.
"मापात सूट किती?"
मी सांगितली. ते हसले नाहीत.
पंखा बंद केला, पोऱ्याला चहाला पिटाळलं
आणि श्वास धरून शेवटचा काप घेतला.

कामाला बसते मी रात्री एकनंतर.
तोवर हायवेला उसाच्या ट्रॉल्या असतात,
आणि टेबल हवेच्या पायांवर उभं असलं
तरी त्याला खालचा खड्डा न् खड्डा कळतो.
भट्टीत वाफ. सोडियम, आयोडिन, जोडीनं.
पहिला झोत त्यांना हलवून उठवतो,
दुसरा मागून येऊन विचारतो, कुठवर आलात?
एका खेपेला एकच उत्तर.
मग आरसा जरासा मागे,
नव्या रेणूंना तोच प्रश्न, थोड्या उशिरानं.
पहाटेपर्यंत या उत्तरांची एक रेघ होते.

मला वाटलं होतं, एक हिसका आणि खलास.
पण रेघ खाली गेली, वर आली, परत खाली.
लांब जातात, वळतात, जवळ येतात,
आणि दर फेरीला त्यांतले काही
वळायचे राहून जातात.
प्रबंधात मी "तुटला" खोडून
"तुटत होता" केलं.
सरांनी व्याकरणाची चूक समजून
पुन्हा "तुटला" केलं.

एका रात्री दस्तगीरभाई थर्मास घेऊन आले.
कार्डावर नारिंगी ठिपका दाखवला.
"एवढंच व्हय?"
मग बराच वेळ गप्प.
"तुटताना आवाज येतोय का त्याचा?
लेथवर टूल जाणार असलं
की मला आधी कानाला कळतंय."
नाही म्हटलं. वाफेत कसला आवाज.
त्यांनी टेबलाच्या कडेला
नुसती बोटं टेकवली, डोळे मिटले.
"ट्रॉली गेली बघा. भरलेली."
मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

रेघेवर तिथं एक बारीक टेंगूळ आहे.
गुळगुळीत करता आलं असतं, केलं नाही.
नोंदवहीत त्या बिंदूसमोर लिहिलंय:
दोन चाळीस. ट्रॉली, भरलेली.
निरीक्षण: द. शिकलगार.