एकशे अकरा

हंगामाच्या सणाला मंडळीत
भोपळा लिलावात निघाला तेव्हा
रूथबाई उजगरे यांनी तो तीनदा विकत घेतला
आणि तीनदा परत वेदीपाशी नेऊन ठेवला.
माझ्या तिकिटात त्या एका भोपळ्याचे
नऊ हजार आहेत.

दहा दिवस. सहा जण. बहारीन.
जालन्याच्या दवाखान्यातून मी, नर्स म्हणून,
बाकीचे उचल-ठेव करायला आणि प्रार्थनेला.
बॅगेत गॉज, शुगरच्या पट्ट्या, मलमाच्या ट्यूबा;
कपड्यांना जागा उरली दोन पंजाबी ड्रेसची.
विमानतळावरून नेताना कुंजम्मा टीचर
गाडीतच म्हणाल्या: पुस्तक काढायचं नाही.
गाणं नाही. कुणी आपणहून विचारलं, तरच.
आणि पाणी पीत राहा.

कुणी विचारलं नाही.
म्हणजे विचारलं, पण
गुडघ्याला काय लावू,
तिकडे कांदा काय भाव आहे,
व्हिडिओ कॉलवर बायकोला सांगाल का
की मला काही झालेलं नाही.
सांगितलं.

सलमाबादचा कॅम्प, शुक्रवार,
सप्टेंबरची हवा ओल्या टॉवेलसारखी तोंडावर.
एका खोलीत बारा जण, दाराबाहेर
सिमेंटनं पांढरे पडलेले बूट.
पाय धुवायला निळा टब मिळाला,
गुरुवारी रात्री ज्यात तांदूळ भिजतात.
आधी मी तो दोनदा विसळला.
नंतर पाच वेळा.

बेचक्यांत कुजून पांढरी झालेली कातडी,
नाणं उभं राहील अशा टाचेच्या भेगा,
सिमेंटनं भाजलेल्या जागी धरलेल्या खपल्या.
पाय धुण्याची गोष्ट मी लहानपणापासून
गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री ऐकत आले.
त्या गोष्टीला वास नव्हता.

सायन्ना देगलूरचा. कागदावर बावन्न,
दिसायला माझ्या वडिलांहून मोठा.
माझं मराठी ऐकून आधी हसला,
मग पाय मागे घेतला.
'लेकीच्या हातात पाय देऊ का, माय? पाप लागंल.'
नर्स आहे मी, म्हटलं.
'मग एकच.'
उजवा दिला. डावा बुटातच.

मलम लावताना त्यानं विचारलं,
'ह्याचा पगार किती पडतो?'
काही नाही. उलट पैसे भरून आलेय.
तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.
'मी बी,' म्हणाला. 'दीड लाख. यजंटाला.'
आणि असा हसला, की शेजारचा नेपाळी पोरगा
अक्षर न कळता हसायला लागला.
मीही. काय करणार.

शुगर तीनशे चाळीस.
गोड बंद, मी दटावलं, अगदी बंद.
त्यानं मान डोलावली, उशाखाली हात घातला
आणि जेवणात मिळालेला, जपून ठेवलेला
आंब्याच्या रसाचा डबा माझ्यापुढे धरला.
'तुला चालतंय की.'
हातमोजे काढून, स्ट्रॉ टोचून
मी तिथंच उभ्यानं प्याले.
गरम होता.

'दुसरा पाय पुढच्या शुक्रवारी.'
पुढच्या शुक्रवारी, विमानाच्या आधी, गेलो आम्ही.
दाराबाहेरचे बूट वेगळे होते.
त्या खोलीला सित्राच्या साइटवर हलवलं, कुणीतरी म्हणालं,
बस पहाटेच गेली.
निळा टब नळाखाली होता. तांदूळ भिजलेले.

जालन्यात अहवालाची उपासना झाली.
पडद्यावर मी, घामानं निथळणारी,
मागे भिंतीवर कुणाचे तरी वाळत घातलेले बनियन.
खजिनदार यशवंतराव आढाव उभे राहिले,
हिशेब लागल्याशिवाय त्यांना झोप येत नाही:
'मग किती जण म्हणायचे?'
त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं.
सगळ्यांनाच कळलं.
मी म्हटलं, एकशे अकरा पाय.

बाकंच्या बाकं हसली.
रूथबाई तेवढ्या हसल्या नाहीत.
पदर सावरून, पुढच्या बाकाला धरून उभ्या राहिल्या
आणि म्हणाल्या,
'डावा राहिला, का उजवा?'