शिवण

लळिंगच्या किल्ल्याखाली, कुरणाच्या वरच्या अंगाला,
एप्रिलात सकाळी नऊलाच
दगड उचलायला हातरुमाल लागतो.
त्याखाली तो असतो. काळा, धुळकट,
हरभऱ्याच्या दाण्याहून जरा लांबट.
डिवचला तर डोकं खाली, ढुंगण वर करून
रुसल्यासारखा उभा राहतो.
पळत नाही फारसा. उडत तर नाहीच.

धुळ्यात आणून मी त्याची पाठ उघडायला बसले.
भुंगेऱ्याची पाठ म्हणजे दोन फळ्यांचं दार,
मधे रेघ,
आत ट्रंकेतल्या शालूसारखे घडी घातलेले पंख.
सुई रेघेवर टेकवली.
रेघ होती, दार नव्हतं.
पुन्हा टेकवली. सुई वाकली.

सुपडू अण्णा, तीस वर्षं याच खोलीत
बेडकांच्या बरण्यांमधलं पाणी बदलणारे,
बाप शिरपूरला शिंपी होता त्यांचा.
भिंगाला डोळा लावून म्हणाले,
"पक्का टाका मारेल शे, ताई."

मग बाजूने कापलं.
आत पंखाच्या जागी
तुरीच्या डाळीचं सालपट असावं तसं काहीतरी,
त्यावर दीड शीर.
एक पूर्ण जाते, दुसरी मधेच थांबते,
पैसे संपलेल्या सडकेसारखी.

मुलं पेपरात लिहितात:
'वापर नव्हता म्हणून पंख गळून पडले.'
मी लाल रेघ मारते.
गळत नाही रे काही असं.
टेकडीवरून जे उडाले त्यांना वारा घेऊन गेला
कुणाच्या तरी जिनिंगच्या दिव्यापर्यंत,
आणि त्यांची अंडी इथे पडली नाहीत.
ज्यांचे पंख जन्मतःच तोकडे
ते दगडाखाली राहिले, तिथेच व्याले.
उडायचे स्नायू पोसायला जे लागतं
त्यात अंडी होतात, जास्तीची.
एवढंच.
हजारो उन्हाळे एवढंच.
हिशेब आहे, कारकून नाही.

आणि शिवलेल्या पाठीखाली चिमूटभर हवा राहते, दमट.
श्वासाची भोकं त्या बंद खोलीत उघडतात.
बाहेर चव्वेचाळीस अंश,
आत ओल्या फडक्यातला माठ.

पांझरेच्या वाळूत मात्र याचाच कुणी चुलत
अजून पंख बाळगून आहे.
नदीचा भरवसा नाही. कधी कोरडी, कधी घरात.
परवा रात्री दिव्यावर आला
आणि अण्णांच्या कॉलरमध्ये शिरला,
तेव्हा अण्णा नाचले ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

टी.वाय.च्या वर्गात कुणीतरी विचारलं,
"मॅडम, मग हा अपंग का?"
मी व्याख्या शोधत होते.
दारातून, हातात बरणी, अण्णा म्हणाले,
"त्याले कोठे जावानं शे?"
वर्ग हसला. मीही हसले.

हे दोन वर्षांपूर्वीचं.
यंदा कुरणाच्या खालच्या अंगाला खडी क्रशर लागलाय.
मी पांढऱ्या रंगाने नंबर टाकलेल्या दगडांपैकी
सात ते एकोणीस नाहीत.
कुठल्या तरी रस्त्याखाली असतील, नंबरासकट.
वीस नंबरचा उचलला,
खाली एक मादी होती. मेलेली, ताजी.
हातरुमालात बांधून आणली.
वाटेत अण्णा काही बोलले नाहीत.

लेबल त्यांनीच लिहिलं. लळिंग, तारीख, दगडाखाली.
पंखांच्या रकान्यात नेहमीसारखी आडवी रेघ.
मी पोट उघडलं आणि मोजायला लागले,
अडतीस, एकोणचाळीस,
तेवढ्यात लाईट गेली.
अण्णांनी मोबाईलची बॅटरी लावून धरली, हात जरा थरथरत होता.
एक्केचाळीस, म्हटलं मी, लिहा.

त्यांनी लिहिलं नाही.
वाकून बघत राहिले.
"आखो एक शे तठे."