बुरकुंडांचा पाक

मक्याचे दाणे मार्केटला गेले, वजन झालं, पावती झाली.
बुरकुंडं परसात राहिली,
कुणी मोजली नाहीत.

दरसाल चुलीत जाणारी ती
यंदा नागुलीनं निवडून डेचकीत घातली.
"खुळी की काय गे?" गोठ्यातनं थोरला दीर.
ती पाण्याकडं बघत बसली.

तासाभरानं पाणी पिवळं,
वास कणीस सोलताना बोटांना येतो तसा.
जुन्या धोतराच्या फडक्यातनं गाळलं, साखर घातली,
लिंबू अर्धंच होतं,
तेवढंच पिळलं.

पहिली खेप लागली. काकवीहून काळी.
दुसरीला तार आली.
थेंब बशीत सोडला,
ओघळेना.

पलीकडची बसव्वा बोट चाटून म्हणाली, "पाक!"
"पाकच की," नागुली म्हणाली.
बेकिनकेऱ्यात त्या शब्दाला
दुभाष्या लागला नाही.

बाटलीवर काय लिहू, पोरीनं विचारलं,
आणि कुठल्या अक्षरात?
"काय नको लिहू. हात चिकट हाईत तुझे."

उकळलेली बुरकुंडं पत्र्यावर वाळतायत,
पुढची खेप त्यांच्याच जाळावर.
रात्री दीर भाकरी मोडतो,
रिकामी वाटी पुढं सरकवतो,
वर बघत नाही.