आपलं काही न मिसळता

कुहमोत नोव्हेंबरचा दिवस दुपारी तीनलाच दिवा मागतो,
म्हणून मी सकाळीच बसते, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी,
पावाचे कण झाडून.
बोर्ड माझ्या तळव्याएवढा. हिरवा. नुसती भोकं.
सगळा ॲम्प्लिफायर ह्याच्यावरच बसायचाय:
वीज सरळ करणारे चार डायोड, दोन ढब्बू कपॅसिटर,
आणि पाच पायांची ती काळी चिप,
जिला पाठ टेकायला ॲल्युमिनियम लागतं,
नाहीतर तापून जीव देते.

जागा कमी. वीज आणि आवाज
म्हणजे एका म्यानात दोन तलवारी.
विजेची वाट रुंद काढली, आवाजाची चिंचोळी,
दोघी कुठे घासणार नाहीत असं पाहिलं.
परतीच्या तारा मात्र, कुठूनही निघोत,
एकाच ठिपक्यावर आणून टेकवल्या.

सिन्ना भिंग धरते. नात. वय चौदा, नखं निळी.
"आजी, हे विकत मिळतं ना?"
मिळतं.
राळेचा धूर डोळ्यांत जातो.
कथिल पाण्यासारखं पसरतं आणि पापणी लवायच्या आत गोठतं.
चकचकलं तर सांधा बसला.
मळकट राहिलं तर आज वाजेल, पुढच्या हिवाळ्यात दगा देईल.
अकरा सांधे मी पुन्हा केले. हात थरथरतो, खोटं कशाला बोलू.

पहिल्यांदा वीज द्यायची तर मध्ये साठचा बल्ब लावून,
हे एक्स्चेंजातल्या वेइक्कोनं शिकवलेलं.
पेटलेलाच राहिला तर कुठेतरी चुकलंय.
भक्कन पेटला.
सिन्ना दाराकडे सरकली.
मग तांबूस झाला, मग नुसती तार, मग काहीच नाही.
मीटरवर नऊ मिलिव्होल्ट. चालेल.
स्पीकर जोडला आणि

घुंऽऽऽ

हा सूर माझ्या ओळखीचा आहे.
एकोणीस वर्षं तो कानात घेऊन मी घरी जायचे.
समोर भोकांची भिंत, हातात दोरखंडासारखी वायर,
ह्याचं त्याला जोडायचं, आणि गप्प.
मार्तिनमाकीबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या,
आपण इथे नाही आहोत, असं समजायचं.

एकदाच चुकले.
लेंतिइराहून कुणी भावाला फोन लावला होता.
होडी विकली, एवढंच बोलला,
आणि पलीकडे काही नाही. मिनिट गेलं असेल.
"ठेवला वाटतं त्यानं," हा स्वतःशीच म्हणाला,
आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
"थांबा. ते लाईनवर आहेत. श्वास ऐकू येतोय."

आठवड्याचा पगार कापला.
पुढे ते बोलले का, मला माहीत नाही,
मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला होता.

घुं चालूच.
दुपार त्यातच गेली. बटाटे करपले.
शेवटी सापडलं: व्हॉल्यूमच्या खुंटीची परतीची तार
ठिपक्यावर तर होतीच,
शिवाय पत्र्याच्या स्क्रूमधूनही चोरून घरी येत होती.
दोन वाटा. मधे वेटोळं. त्यात घुमत होतं सगळं.
पक्कड घेतली. कट्.

इतकं शांत झालं की मला वाटलं, मेलाच.
सिन्नानं कान स्पीकरला लावला.
"बंद आहे."
चालू आहे, म्हटलं.
रेडिओ जोडला. हवामान सांगायची वेळ झालेली.
आधी खोलीच ऐकू आली, तिकडची, हेलसिंकीतली,
मग कागद उलटल्याचा आवाज,
मग निवेदिकेनं श्वास घेतला,
आणि बोथनियाच्या आखातावर वारा किती, ते वाचू लागली.

सिन्ना सरळ बसली.
"केवढ्यानं वाजतो हा?"
मला ठाऊक नाही. खुंटी मी अजून
एका रेघेपुढे नेलेली नाही.