लाल ठिपका

हॅलिफॅक्सला नोव्हेंबरात चारलाच अंधारून येतं.
सव्वाचारला दारावर टकटक:
शेजारच्या डोरीन सग्डेन, वय एक्क्याऐंशी,
अंगात दोन स्वेटर, वर नवऱ्याचा कोट.
"घर तापेना गं. तुझं ते कॉम्प्युटरचंच काम ना?"

माझं ते कॉम्प्युटरचंच काम.
ओढ्याकाठच्या जुन्या लोकरगिरणीत, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे आता माग नाहीत, कॉफीचं यंत्र आहे,
मी ठरवते बटण कुठे असावं,
किती गोल, किती निळं,
आणि ‘नको’ हा शब्द किती फिका,
म्हणजे नव्हता असंही कुणी म्हणू नये
आणि दिसूही नये.
‘मान्य’ला आम्ही हिरवंगार पटांगण देतो,
‘नको’ला राखाडी बोळ.
याला सुटसुटीतपणा म्हणतात.

त्यांच्या भिंतीवर पोस्टकार्डाएवढी काच.
पूर्वी तिथे खटका होता,
फिरवला की कट्ट वाजायचा
आणि ओट्याखाली बॉयलर खाकरायचा.
काचेच्या उजव्या कोपऱ्यात नेलपॉलिशचा लाल ठिपका.
"नातीने काढून दिला. म्हणाली, चष्मा नसला तरी इथे दाब.
महिनाभर दाबलं, झकास चाललं.
आज सकाळपासून अकरा वेळा दाबलंय.
काय काय विकत घेतलं कोण जाणे."

मी पाहिलं.
बटण डाव्या बाजूला, खाली गेलेलं,
आणि ठिपक्याखाली आता एक आमंत्रण:
उबदार राहा, महिना फक्त चार पौंड.
मीच नेलं होतं ते तिकडे.
सहा आठवडे, तीन बैठका, दोन हजार अनोळखी अंगठे,
साडेतीन टक्के फायदा, शेवटी केक.
त्या दोन हजारांत
सांध्यात वाकलेला अंगठा एकही नव्हता.

डोरीनबाई अठरा वर्षं याच गिरणीत होत्या.
विणलेलं कापड मेजावर पसरायचं
आणि बोटांच्या टोकांनी चूक शोधायची:
एखादी गाठ, सुटलेला धागा,
डोळ्याला कधीच न दिसणारी.
"हाताला कळायचं," त्या म्हणतात.
"ही मेली काच काही सांगत नाही.
सगळीकडे सारखीच गार."

इचलकरंजीत आमचे अण्णा माग चालवायचे.
वीज गेली तरी हात नेमका दांड्यावर,
अंधारातही घास तोंडातच जातो तसा.
रात्रीतून कुणी त्या दांड्याची जागा बदलली असती
तर अण्णांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता.
डोरीनबाई फक्त सॉरी म्हणतात.
काचेला.

पुढच्या वर्षी म्हणे बटणच नसेल.
नुसतं बोलायचं, घर ऐकेल,
आणि त्यांचे यॉर्कशरी हेल ऐकून
तीनदा म्हणेल, समजलं नाही, पुन्हा सांगा.
त्याच्या पुढच्या वर्षी बोलायचंही नाही:
कुणाला, केव्हा, किती थंडी वाजते
ते घराला आधीच ठाऊक असेल,
आणि बिलालाही.
बैठकीत सगळे माना डोलावतात. मीसुद्धा.
जी वस्तू विचारतच नाही
तिला ‘नको’ तरी कुठल्या तोंडाने म्हणायचं,
हे मी घरी आल्यावर, भांडी घासताना म्हणते.

मी डावीकडे दाबलं. बॉयलर गुरगुरला.
"पण हे हलवलं कुणी?"
"अपडेट आलं," मी म्हटलं,
पूर आला, साथ आली म्हणतात तसं,
कर्ता नसलेलं वाक्य.

त्यांनी ड्रॉवरमधून बाटली काढली,
तळाशी थेंबभर उरलेली, घट्ट झालेली.
मी नव्या जागी नवा ठिपका काढला.
जुना त्यांनी खरवडू दिला नाही,
नातीच्या हातचा आहे म्हणाल्या.

"आता नाही ना हलणार?"

ठिपका ओला होता.
मी त्यावर फुंकर घालत राहिले.